पलीकडच्या खोलीतला आवाज : वाचकांचे प्रश्न

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की गोव्यात फोंडा, ताळगाव, पर्वरी, म्हापसा या भागांतल्या भाड्याच्या खोल्या विद्यार्थ्यांनी भरतात, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्याकडे शेजारच्या आवाजाची तक्रार सांगणारी पत्रे येऊ लागतात. त्यांतली चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी मूळची वाळपईची असून फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. कुर्टीला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. घरमालकांनी तिथल्या मोठ्या दालनात मधोमध प्लायवूड ठोकून दोन खोल्या केल्या आहेत. अलीकडे आम्ही दोघी, पलीकडे दुसऱ्या महाविद्यालयातल्या तिघी; स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. रात्री अकरानंतर पलीकडे मोबाईलवरच्या मालिका, घरच्यांशी व्हिडिओ कॉल आणि खुर्च्यांची ओढाओढ सुरू होते, ती एक-दीडपर्यंत चालते. त्यांच्या परीक्षा आमच्या आधी संपतात, त्यामुळे आमच्या परीक्षेच्या दिवसांत त्रास फारच वाढतो. दोनदा सांगून पाहिले; दोन दिवस बरे जातात आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मुली स्वभावाने चांगल्या आहेत, आम्ही रोज एका ओट्यावर स्वयंपाक करतो, त्यामुळे संबंध बिघडवायचे नाहीत. पण झोप होत नाही. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निरनिराळे आवाज आहेत आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. बोलणे, हसणे, मोबाईलवरचे संवाद हे हवेतून येतात. खुर्ची ओढल्याचा आवाज मात्र लाद्या आणि स्लॅब यांच्या कंपनातून प्रवास करतो, म्हणून मधली भिंत कितीही सुधारली तरी तो थांबत नाही. आधी हवेतून येणाऱ्या आवाजाचे पाहू, कारण तुमची झोप मुख्यतः तोच मोडतो आहे.

भिंत आवाज अडवते ती प्रामुख्याने आपल्या वजनाने. आपल्याकडची जुन्या धाटणीची चिऱ्याची भिंत शांत वाटते ती त्यामुळेच. प्लायवूडच्या एका पत्र्यात ते वजन नसते. साधारण हिशेब असा की भिंतीचे वजन दुप्पट केले की पलीकडे पोहोचणारा आवाज पाच-सहा डेसिबलने उतरतो, आणि आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबलची घट लागते. पण वजनाच्याही आधी फटींचा विचार करायला हवा. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी ती भिंत कितीही भारी असली तरी वीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. ठोकलेल्या प्लायवूडच्या कडेला, तुळईच्या खाली, वायर ओवण्यासाठी पाडलेल्या भोकांत अशा फटी हमखास असतात.

त्या शोधणे सोपे आहे. रात्री पलीकडच्या खोलीत दिवा चालू ठेवायला सांगा, आपल्या खोलीत पूर्ण अंधार करा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबून मग प्लायवूडच्या चारही कडा पाहा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून आवाजही येतो. रेघ दिसली नाही पण शंका असली, तर पंखा बंद करून उदबत्ती कडेजवळ धरा. धूर एकाएकी वाकला की तिथे हवेची वाट आहे असे समजावे. मात्र उदबत्ती पडद्यापासून आणि अंथरुणापासून दूर ठेवा. सापडलेल्या बारीक फटी हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सीलंटच्या नळीने बुजवता येतात, त्याला सुताराचीही गरज नसते. दाराच्या चौकटीला आतून रबराची किंवा फोमची चिकटपट्टी आणि दाराच्या तळाला ब्रशची पट्टी लावली की दाराकडून येणारा आवाजही कमी होतो. आपल्या हवेत लाकडी दारे पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, म्हणून ही पट्टी चतुर्थीच्या सुमारास बेताची बसवली तर मार्च-एप्रिलच्या परीक्षांच्या वेळी नेमकी फट उघडी पडते. जरा जाड आणि दबणारी पट्टी घ्यावी.

एक गोष्ट मात्र आधी पाहा. घर जर मंगळुरी कौलांचे असेल आणि मधला आडोसा छपरापर्यंत न जाता वरून मोकळा असेल, तर खालच्या फटी बुजवून काहीच साधणार नाही, कारण आवाज वरून उतरतो. अशा वेळी आडोसा छपरापर्यंत नेणे किंवा छत बसवणे हे घरमालकांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडे मागण्यात संकोच करू नये. एका खोलीच्या दोन खोल्या करून दोन भाडी घेतली जातात, तेव्हा मधली भिंत भिंतीसारखी असावी ही अपेक्षा रास्तच आहे. प्लायवूडपासून थोडे अंतर राखून स्वतंत्र सांगाडा उभा करायचा, त्यात रॉकवूल (दगडापासून केलेली, आवाज शोषणारी लोकर) भरायचे आणि वरून जिप्सम बोर्डाचे दोन थर लावायचे, ही रीत आता गोव्यातल्या फॉल्स सीलिंगची कामे करणाऱ्या बहुतेक कारागिरांना माहीत आहे. घरमालकांना हे मे महिन्यात, पुढच्या वर्षाचा करार होण्यापूर्वी सांगावे, कारण खोली भरलेली असताना असे काम कोणी काढत नाही. पुस्तकांनी भरलेले कपाट आडोशाला लावले तर थोडा फरक पडतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा उशीची बाजू आडोशापासून दूर, समोरच्या भिंतीकडे करा.

खुर्च्यांचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. पायांना रबरी बूच लावले की ओढण्याचा किरकिराट जवळजवळ नाहीसा होतो. ते तुम्हीच विकत आणून पलीकडच्या मैत्रिणींना द्यावेत असे मला वाटते. त्यांचे काम तुम्ही का करायचे, असा प्रश्न कोणी विचारील. पण पुढचे बोलणे सुरू करायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

ते बोलणे कसे करावे, याकडे तुमच्याकडून थोडे दुर्लक्ष झाले असावे. “आवाज कमी करा” हे सांगणे ऐकणाऱ्याला फार मोघम वाटते. आपला आवाज भिंतीपलीकडे किती जातो हे त्या खोलीत बसलेल्या माणसाला कळतच नाही, कारण त्याला तो नेहमीचाच वाटत असतो. म्हणून एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्यापैकी एकीला तुमच्या पलंगावर बसवा, दुसरीला त्यांच्या खोलीत नेहमीच्या आवाजात मालिका लावायला सांगा, खुर्चीही एकदा ओढू द्या. दोन मिनिटे पुरतात. त्यानंतर मागणी नेमकी करा: अकरानंतर मोबाईल हेडफोनवर, फोनवरचे बोलणे गच्चीवर किंवा जिन्यात, खुर्ची उचलून ठेवायची. आणि तुमच्याकडून त्यांना काय त्रास होतो तेही विचारा. पहाटे पाचचा गजर, सकाळचा मिक्सर, न्हाणीघराच्या दाराची कडी यांतले काहीतरी निघण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि ते मनापासून मान्य केले तर तुमच्या मागणीला वजन येते. पाचही जणींच्या परीक्षांच्या तारखा एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. ज्यांच्या परीक्षा चालू असतील त्यांच्यासाठी शांततेची वेळ दहापासून धरायची, एवढा एकच नियम त्याखाली असावा. मध्यरात्री दार ठोठावणे किंवा ग्रुपवर संदेश टाकणे टाळा. त्या वेळी तुम्हीही थकलेल्या असता आणि शब्द हवे त्यापेक्षा तिखट जातात.

झोपेसाठी आणि अभ्यासासाठी स्वतःपुरते दोन उपाय सुचवतो. दुसऱ्याचे बोलणे अभ्यासात जेवढा व्यत्यय आणते तेवढा पंख्याचा एकसारखा आवाज आणत नाही, कारण अर्थ कळणारे शब्द मन नकळत पकडत राहते आणि वाचलेले वाक्य हातचे निसटते. म्हणून पंख्याची घरघर अशा वेळी उपयोगी पडते; ती बोलणे पूर्ण झाकत नाही, पण शब्द अस्पष्ट करते. दुसरा उपाय औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या फोमच्या कानबोळ्यांचा (इअरप्लगचा). त्या नुसत्या कानात टेकवल्या तर काम करत नाहीत. बोटांनी वळून वातीसारखी बारीक करायची, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. नीट बसली की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. सकाळी गजर ऐकू येणार नाही, म्हणून फोन कंपनावर ठेवून उशीखाली न घालता हाताशी ठेवा, किंवा खोलीतल्या मैत्रिणीला उठवायला सांगा. शेजारचा आवाज बुडवण्यासाठी हेडफोनचा आवाज चढवत नेणे मात्र कानांना घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 80 डेसिबलच्या पातळीला आठवड्याची मर्यादा 40 तास सांगितली आहे, आणि पातळी वाढली की ही मर्यादा झपाट्याने घटते.

प्रश्न : मी ताळगाव पठारावर विद्यापीठात एम. ए. करतो आणि सांताक्रूझला एका इमारतीत मित्रांबरोबर राहतो. वरच्या मजल्यावरही विद्यार्थीच आहेत. त्यांच्या पावलांचा धडधडाट आणि वस्तू ओढल्याचा आवाज रात्रभर येतो. छताला फोमचे चौकोन लावावेत असे मला वाटते. एक मित्र अंड्यांचे ट्रे लावायला सांगतो. उपयोग होईल का?

उत्तर : होणार नाही. फोम खोलीतला घुमारा शोषतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीत तो लावतात. बाहेरून येणारा आवाज अडवण्याइतके वजन त्यात नसते. अंड्यांच्या ट्रेचा तर तेवढाही उपयोग नाही, आणि कागदाचा तो लगदा चटकन पेट घेतो, म्हणून झोपण्याच्या खोलीत तो लावूच नये. पावलांचा आवाज ज्या जमिनीवर निर्माण होतो तिथेच थांबवावा लागतो. वरच्या मुलांशी ओळख करून घ्या आणि चालण्याच्या वाटेवर जाड सतरंजी किंवा रबरी चटई, घरात मऊ तळव्याच्या सपाता, खुर्च्यांना रबरी बूच आणि स्पीकर असल्यास तो जमिनीवर न ठेवता जाड रबराच्या तुकड्यावर, एवढे मागा. चटईचा खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला तर नकार येण्याचे कारण राहत नाही. तुमच्या छताखाली वेगळ्या टांगणीचे दुसरे छत घेता येते, पण तो मोठा खर्च भाडेकरूने करू नये.

प्रश्न : पर्वरीला आम्ही तीन विद्यार्थिनी एका घरात भाड्याने राहतो. शेजारचा बंगला पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने दिला जातो. शुक्रवार-शनिवारी अंगणात मोठे स्पीकर लावून रात्री दोनपर्यंत गाणी चालतात. घरमालक म्हणतात, तुम्ही भाडेकरू आहात, पोलिसांच्या भानगडीत पडू नका. आम्हाला तक्रारीचा हक्क आहे की नाही?

उत्तर : आहे, आणि तो घरमालकाइतकाच तुमचाही आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, 2000 हे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेले नियम त्रास होणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला तक्रार करू देतात. ती घराची मालक असावी अशी अट त्यांत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या ध्वनिप्रदूषणाबाबतच्या निकालात राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा आधार घेऊन शांततेने जगण्याचा हक्क मान्य केला आहे आणि नको असलेला आवाज दुसऱ्याच्या कानांवर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही हे स्पष्ट केले आहे. तेव्हा भाडेकरू म्हणून गप्प बसण्याचा सल्ला तुम्ही मानू नये असे मी ठामपणे सांगतो.

नियमांतल्या काही गोष्टी लक्षात ठेवा. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. निवासी भागात आवाजाची सरासरी मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्रीच्या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेतल्या अंतर्गत वापराला तेवढी सूट आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त असू नये, असेही नियम सांगतात. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत मुभा देऊ शकते. जत्रेतले नाटक किंवा शिगम्याची मिरवणूक अशा जाहीर केलेल्या दिवशी बारापर्यंत चालली तर ती नियमात बसते, आणि अशा रात्री गावाच्या आनंदात आपणही थोडे सामावून घ्यावे. बंगल्यातल्या खासगी मेजवानीला ही मुभा नाही.

तक्रार कशी करावी, हे महत्त्वाचे. आवाज चालू असतानाच 112 या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकावर फोन करा आणि चार गोष्टी थोडक्यात सांगा: घराची ओळखीची खूण, ध्वनिवर्धक उघड्यावर आहे की आत, किती वाजल्यापासून चालू आहे, आणि तो याही क्षणी चालू आहे. “फार गोंगाट आहे” एवढ्यावर पोलिसांना काही करता येत नाही. “रात्री साडेबाराला अंगणात स्पीकर चालू आहे” यावर येते. फोनवरची डेसिबल मोजणारी ॲप प्रमाणित नसतात, त्यामुळे त्यांचा आकडा पुरावा म्हणून टिकेलच असे नाही. पण दहानंतर उघड्यावरचा ध्वनिवर्धक हा प्रश्न आकड्याचा नाहीच, आणि रात्रीच्या बंधनांचा भंग झाला तर त्या कारणावरूनही तक्रार करण्याची सोय नियमांत आहे. प्रत्येक प्रसंगाची तारीख, सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, फोन केल्याची वेळ वहीत लिहा आणि खिडकीतून छोटे ध्वनिचित्रण ठेवा. बंगल्याच्या फाटकाशी जाऊन मद्य घेतलेल्या अनोळखी माणसांशी तुम्ही वाद घालावा असे मला मुळीच वाटत नाही.

आवाज पुन्हा पुन्हा होत असेल, तर या वहीतल्या नोंदींसह पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नियमांनुसार ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसलेला नेमलेला अधिकारी, म्हणून एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाकडेही पाठवा. पर्यटकांना घर भाड्याने देण्याचा व्यवसाय गोव्यात 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदवावा लागतो. तो बंगला नोंदलेला आहे का, अशी विचारणा खात्याकडे आणि पंचायतीकडे करता येते. अनेकदा मूळ मालक परगावी असतो आणि अशा पत्रानंतरच त्याला आपल्या अंगणात काय चालते ते कळते. अर्जावर वाड्यावरच्या आणखी दोन-तीन कुटुंबांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. ज्या घरात म्हातारी माणसे किंवा लहान मुले आहेत तिथे आधी जा. त्यांनाही हाच त्रास होत असतो आणि पुढाकार कोणी घेईल याची ते वाट पाहत असतात.

प्रश्न : माझा प्रश्न उलट बाजूचा आहे. मी मूळचा पेडण्याचा, पणजीत तबला शिकतो आणि चिंबलला तिघा मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. रियाज रोज झालाच पाहिजे. पण मित्र वैतागले आहेत आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही घरमालकांकडे तक्रार केली आहे. रियाज सोडू की खोली?

उत्तर : दोन्ही सोडू नका. तुमचे वाद्य आणि शेजाऱ्यांची विश्रांती या दोन्हींचा मान राखता येतो, पण त्यासाठी रियाजाचे दोन भाग करावे लागतील.

खोलीतल्या रियाजाचा आवाज दोन वाटांनी जातो. डग्ग्याचा खालचा स्वर भिंतीतून सर्वांत सहज पार होतो, कारण खालच्या स्वरांना अडवायला भिंत फार भारी लागते. आणि तबला-डग्गा जमिनीवर असल्यामुळे प्रत्येक आघात स्लॅबमधून खाली काकूंच्या छतापर्यंत पोहोचतो. चुंबळीखाली (वाद्याच्या बुडाशी ठेवायच्या कापडी कड्याखाली) सतरंजीऐवजी दुहेरी घडीची गोधडी आणि तिच्याखाली जाड रबरी चटई घाला. तुम्हीही त्याच गोधडीवर बसा. वाद्ये सामाईक भिंतीपासून दूर, शक्यतो खोलीच्या मध्यावर मांडा. डग्ग्याच्या पुडीवर सुती रुमाल पसरला की आवाज बराच बसतो. हाताला मिळणारा प्रतिसाद त्याने बदलतो, म्हणून गुरुजींना विचारूनच तसे करा आणि हे फक्त बोटांची सफाई व तयारी यांसाठी ठेवा. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणत हाताने ताल धरणे, हा तर आवाज न करता होणारा रियाज आहे आणि तो रात्रीही करता येतो.

मोकळ्या हाताने वाजवण्याचा रियाज खोलीबाहेर न्यावा. आपल्याकडे देवळांच्या अग्रशाळा (भाविकांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या इमारती) आणि सभामंडप उत्सवांखेरीजच्या दिवसांत दुपारी बहुधा मोकळे असतात, आणि भजन-कीर्तनाची परंपरा असलेल्या देवस्थानांना तबल्याच्या विद्यार्थ्याचे वावडे असण्याचे कारण नाही. तुम्ही जिथे शिकता तिथले वर्ग सुटल्यावर एखादी खोली तासभर मिळते का, तेही विचारा. काकूंकडे घरमालकांना मध्ये न घालता स्वतः जा, विश्रांतीची त्यांची वेळ विचारून घ्या आणि आपला खोलीतला रियाज कोणत्या तासात असेल हे त्यांना सांगा. आवाज केव्हा थांबणार हे माहीत असले की तो सोसणे पुष्कळ सोपे जाते. मित्रांसाठीही तोच तास ठरलेला असावा आणि त्यांच्या परीक्षेच्या आठवड्यात तो पूर्णपणे बाहेर न्यावा. देवस्थान समितीला अर्ज करताना वाद्य, आठवड्याचे वार, वेळ आणि किती महिने हे स्पष्ट लिहा, गुरुजींची चिठ्ठी सोबत जोडा, आणि उत्सवाच्या किंवा लग्नकार्याच्या दिवशी जागा आधीच रिकामी करून देण्याची हमी त्याच अर्जात द्या.